मॅडमनी डाळ ठेवून घेतली

२२ मार्च, रविवार. तुरीला ऊन द्यायचं काम. तेलाचा हात लावून पोत्यात दाबून ठेवलेली तूर सकाळीच गच्चीवर पसरली आणि अधूनमधून वर जाऊन पायानं फिरवत राहिले. लोहाऱ्यात मार्च संपत आला की उन्हाची कमी नसते. दोन-तीन दिवस असं ऊन खाल्लं की टरफल ढिलं पडतं आणि गिरणीत डाळ नीट फुटते. यंदा घरापुरतीच करायची असं ठरवलं होतं. गेल्या साली जास्त केली होती, कारण त्यातली एक पिशवी पुण्याकडच्या एका विद्यापीठात न्यायची होती.

त्या पिशवीचं आधी सांगते, नाहीतर आजचा दिवस कुणाला कळायचा नाही.

माझे धाकटे दीर मोटारी बांधायचे. म्हणजे विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग. स्टँडच्या मागं दुकान होतं. तांब्याची तार इतकी घट्ट आणि सरळ बसवायचे की माकणी धरणाकाठचे बागायतदार मोटार दुसरीकडं न्यायचे नाहीत, यांच्याकडंच टाकून जायचे. मग त्यांच्या उजव्या हातातून तार सुटायला लागली. आधी आम्ही मानेचं दुखणं समजलो, मग शुगर समजलो, मग कुणी सांगितलं म्हणून तेल चोळलं. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. हात जातील, पाय जातील, मग बोलणं, गिळणं, सगळ्यात शेवटी श्वास. डोकं मात्र शाबूत राहील. गोळी आहे, ती वेग थोडा कमी करते. बरं करणारं काही नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, मोटार चांगली हाय, केबल जळालीय. केबल तर बदलता येती की."

मी म्हटलं, "पायरी बघून उतरा."

त्यांची मुलगी तेव्हा नुकतीच त्या विद्यापीठात संशोधनाला लागली होती. विषय फिजिक्स. काचेवर कसलातरी पातळ थर चढवायचा, त्यावर ऊन पडलं की वीज तयार होते, असं तिचं काम. भाऊजींना ते आपल्याच धंद्यातलं वाटायचं. गिऱ्हाइकाला सांगायचे, "म्या विजेवर चालणारं नीट करतो, पोरगी वीजच करती. आता एमएसईबीची गरज न्हाय आमाला."

आजार कळल्यावर वर्ष व्हायच्या आत पेपरात एक बातमी आली. त्याच विद्यापीठातल्या वैद्यकाच्या विभागानं या आजारावर एक औषध शोधलंय आणि ते दिलेल्या उंदरांचे पाय बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस चालले. बातमी लहान होती, मथळा मोठा होता. भाऊजींनी ती बायकोकडून पुन्हापुन्हा वाचून घेतली आणि मुलीला फोन लावायला लावला.

"पप्पा, तो विभागच वेगळा आहे. त्यांची इमारतसुद्धा लांब आहे. मी तिकडं कधी गेलेले नाही."

"मग जा की. एकाच गेटातनं आत जाता न्हवं?"

यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आमच्याकडं कामं अशीच होतात. कारखान्यात मेव्हणा असला की उसाला तोड लवकर मिळते. तहसीलला भाचा असला की सातबाऱ्यावरची दुरुस्ती होते. आपलं माणूस आत आहे, एवढं पुरतं. आत म्हणजे कुठल्या टेबलाला, ते कुणी विचारत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला विद्यापीठानं लोकांसाठी एक दिवस दारं उघडी ठेवली. कुणीही यावं, संशोधन बघावं, विचारावं. भाऊजींना तोवर काठी धरूनही चालता येत नव्हतं. त्यांची बायको, माझी जाऊ, त्यांना सोडून हलत नव्हती. माझ्या नवऱ्याला शेत सोडून निघता येत नव्हतं. म्हणजे जायचं मीच. जायच्या आदल्या दिवशी भाऊजी म्हणाले, "वहिनी, मोकळ्या हातानं जाऊ नगा."

हेही नीट सांगायला हवं. आमच्याकडं कामासाठी कुणाच्या दारी जायचं तर पिशवी न्यायची असते. ही लाच नव्हे. लाच वेगळी, ती पाकिटात असते. पिशवीत घरचं काहीतरी असतं, डाळ, गूळ, शेंगा. पिशवी दाराशी ठेवायची, बोलायचं, चहा प्यायचा, उठायचं. काम होणार नसेल तर त्या घरची बाई पिशवी तशीच हातात देते, "कशाला आणलंत, घेऊन जा," म्हणते. होणार असेल तर पिशवी आत जाते आणि रिकामी होऊन परत येते. तीही अगदी रिकामी नाही, मूठभर साखर नाहीतर दोन केळी घालून. सोयरिकीत तर कुणी तोंडानं हो-नाही म्हणतच नाही. पिशवी बघायची.

मी पाच किलो डाळ भरून घेतली.

विद्यापीठात एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. मागं तक्ते टांगलेले. पुतणी मला हाताला धरून फिरवत होती, कारण ती पिशवी घेऊन मी सरळ वैद्यकाच्या टेबलाकडं निघाले होते आणि तिला लाज वाटत होती. आधी तिनं मला सूर्याचं टेबल दाखवलं. सूर्याच्या अंगावर वादळं उठतात, ती इथपर्यंत येऊन पोचतात, असं तिथली मुलगी सांगत होती. ती कधी येतील हे आधी कळावं म्हणून त्यांचा खटाटोप.

"कळल्यावर थांबवता?"

"नाही काकू, थांबवता नाही येत. उपग्रह तेवढे बंद करून ठेवता येतात."

"म्हणजे भांडी आत घ्यायची."

ती हसली. म्हणाली, तेवढंच.

मग पुतणीचं टेबल. काचेचे नखाएवढे चौकोन, तपकिरी. ते उन्हात आणि ओल्या हवेत लवकर खराब होतात, ते टिकवायचं कसं हाच तिचा विषय. "उन्हासाठी केलेलं आणि उन्हालाच टिकत नाही?" मी विचारलं. ती म्हणाली, "मोठीआई, हळू बोल. माझे गाइड सर मागं उभे आहेत."

वैद्यकाच्या टेबलामागं एक मॅडम होत्या. माझ्याच वयाच्या, पायात खेळायचे बूट. मी दिरांचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं आणि मग अगदी सरळ बोलल्या. प्रयोग उंदरांवरचा आहे. आजार बरा झालेला नाही, फक्त हळू झाला आहे. माणसाला द्यायच्या आधी हाच प्रयोग पुन्हा करून बघायचा आहे, मग आणखी बरंच, मग परवानग्या. यात वर्षं जातील. आणि कधी माणसांवर सुरू झालंच तर नुकताच आजार झालेले लोक घेतील. "तुमच्या दिरांपर्यंत हे पोचेल असं मी म्हणणार नाही," असं त्या म्हणाल्या. माझी समजूत पक्की झाली. कुठं धूसर असं काही राहिलं नाही.

उठताना मी पिशवी टेबलाखाली सरकवली. मॅडम नको नको म्हणाल्या. मी म्हटलं, घरची आहे, बिनपॉलिशची. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पिशवी उचलली, मागच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा डाळ कशाततरी ओतून घेतली होती आणि पिशवी घडी करून आणली होती. आत बाकरवडीचा पुडा होता. म्हणाल्या, "आमच्या आईचं ऐकायचं तर पिशवी रिकामी द्यायची नसते."

घरी आल्यावर मी भाऊजींना बसवून सगळं सांगितलं. उंदीर, पुन्हा प्रयोग, वर्षं, नुकता आजार झालेले लोक. एकही शब्द गाळला नाही. ते ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "डाळीचं काय झालं?"

"घेतली."

"आत नेली?"

"व्हय."

"आन् पिशवी?"

मी पुडा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बायकोकडं बघितलं आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच तोंडभर हसले. "झालं मग. बाई सरकारी हाय, तोंडानं कशी सांगंल? गर्दीत कोण सांगतंय व्हय?"

जावेनं देवापुढं साखर ठेवली. भाऊजींनी बाकरवडीचा एक तुकडा खाल्ला आणि ठसका लागून निळे पडले. आम्ही पाठीवर थापट्या मारल्या, तुकडा बाहेर पडला. गिळणंही जायला लागलं होतं, ते असं कळलं.

पावसाळ्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पोटातून नळी बसवून घ्या. घशातून अन्न आता पुरेसं जाणार नाही आणि गेलं तर फुप्फुसात जाईल. आत्ता श्वास बरा आहे तोवर होईल. पुढं झेपणार नाही, तेव्हा माझ्याकडं येऊन उपयोग नाही.

भाऊजींनी मान हलवली, नाही म्हणून. तोवर त्यांचं बोलणं जड झालं होतं. डॉक्टरांना कळेना, म्हणून जाऊ सांगत गेली. "म्हणतेत, औषध आलं की गिळणं येणारच हाय. मग पोटाच्या भोकाचं काय करायचं?"

डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध?"

गाडीत मी पुन्हा सांगून बघितलं. "भाऊजी, त्या बाईंनी डाळ माणुसकीनं घेतली. काम होईल म्हणून नाही."

ते एकेक शब्द ओढत म्हणाले, "वहिनी, तुमच्या थोरलीची सोयरिक ठरली तवा कोण म्हणालं, पिशवी आत गेली, आता घोर नगं?"

"ती कळंबची माणसं होती. त्यांना रीत माहीत होती."

"बाईच्या आईलाबी म्हाईत हाय की. पुडा घातला न्हवं?"

खरंच होतं ते. मॅडमनी रीत पाळली होती. त्या रीतीचा आमच्याकडं काय अर्थ होतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? नवऱ्यानं सांगून बघितलं, डॉक्टरांनी फोन केला. भाऊजींचं एकच, पोरगी आत हाय, तिला इचारा. आणि रोज संध्याकाळी पोरीला फोन. ती म्हणायची, काम चालू आहे पप्पा. ते ऐकून ते मऊ भाताचे चार घास घ्यायचे. दिवाळीनंतर चाराचे दोन झाले. संक्रांतीनंतर वाटीतली पेज, तीही चमच्याचमच्यानं, दर चमच्याला ठसका. वजन इतकं उतरलं की जाऊ एकटी त्यांना उचलून खुर्चीत बसवायला लागली.

तर आज. पुतणी येणार असं तिनं कालच कळवलं होतं. दुपारी स्टँडवरून तिला स्कूटीवर आणलं. घरात शिरायच्या आधी म्हणाली, मोठीआई, गच्चीवर चल. मला वाटलं, बाहेरच्या बाहेर रडून घ्यायचं असेल. वर गेल्यावर तिनं चप्पल काढली आणि न सांगता तूर फिरवायला लागली.

"मॅडमनी बोलावून घेतलं होतं," ती म्हणाली. "कँटीनमध्ये. त्यांनी प्रयोग पुन्हा केला. जास्त उंदीर घेऊन. औषध दिलेले आणि न दिलेले, दोन्ही सारखेच गेले. पहिल्या वेळी दिसलं ते योगायोगानं दिसलं होतं."

"मग आता?"

"आता हे छापतील. म्हणजे दुसरं कुणी याच्यामागं वेळ घालवणार नाही. नीट बोलल्या गं त्या. पप्पांचं विचारलं. डाळ चांगली शिजायची म्हणाल्या."

"कधी सांगितलं त्यांनी?"

ती तूर फिरवत राहिली.

"अगं, कधी?"

"दिवाळी झाल्यावर."

मी हिशेब केला. तेव्हा अजून नळी बसवता आली असती.

"पप्पा रोज विचारायचे," ती म्हणाली. "मी म्हणायचे, काम चालू आहे. ते फोनवरच जेवायचे, मोठीआई. माझं ऐकून घास घ्यायचे. मी कसं सांगणार होते?"

"मग आता का आलीस?"

"काल आईनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं त्यांना. नुसती हाडं राहिलीत."

खाली माझी जाऊ हाका मारत होती, चहा झालाय म्हणून. मी पुतणीला म्हटलं, "सांगायचं तूच. मी एकदा सांगून बसलेय, माझं त्यांना ऐकू येत नाही."

"आजच?"

"मग कधी? त्यांना जेवायचंय."

भाऊजी खिडकीशी खुर्चीत होते. मान टेकवायला उशी. पोरीला बघून त्यांचे डोळे पाणावले, तसे ते कुणालाही बघून पाणावायचे, तोही त्या आजाराचाच भाग. ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "पप्पा, त्या औषधाचं काही झालं नाही. पुन्हा करून बघितलं. उंदीर वाचले नाहीत. औषध येणार नाही आता."

ते काहीतरी बोलले. त्यांचं बोलणं आता फक्त जावेला कळतं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हणतेत, किती मेले."

"सगळे, पप्पा," पुतणी म्हणाली.

भाऊजी पुन्हा काही बोलले. या वेळी जावेनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रडतेय, पण तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. "म्हणतेत, मग डाळ परत आणा."

ते स्वतःच हसायला गेले आणि ठसका लागला. मी आणि पुतणीनं त्यांना पुढं वाकवलं, जावेनं तोंडातला फेस पुसला. तो ठसका थांबायला एवढा वेळ लागला की मला वाटलं, आत्ताच होतंय. थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि एक शब्द काढला. तो मलाही कळला. नळी.

मी डॉक्टरांना फोन लावला. रविवार असून उचलला. त्यांनी विचारलं, आडवं झोपता येतं का, एका श्वासात किती शब्द निघतात, बरगड्या आत ओढल्या जातात का. मी होतं ते सांगितलं. ते म्हणाले, पोटातून आता नाही होणार, टेबलावरच जातील. नाकातून नळी घालता येईल, ती गावातसुद्धा घालतील. त्यानं पोटात अन्न जाईल, बाकी काही बदलणार नाही.

"किती दिवस?"

"ते मी सांगत नाही."

ओळखीच्या दवाखान्यातल्या ब्रदरना नवऱ्यानं मोटारसायकलवर आणलं. उन्हं कलायच्या आत नळी बसली. घालताना भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते, पण मान हलू दिली नाही. जाऊ त्यांचं डोकं धरून बसली होती, म्हणून ब्रदरनी मलाच शिकवलं. नळी पोटातच आहे हे आधी तपासायचं. डोक्याकडची बाजू उंच ठेवायची. सिरिंज वर धरायची, ढकलायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं. काहीही द्या, पण फडक्यातून गाळून द्या. नंतर साधं पाणी सोडा.

अंगणात पुतणीनं मला गाठलं. "मी तेव्हाच सांगितलं असतं तर?"

"तर पोटात नळी बसली असती. अंगावर थोडं मांस राहिलं असतं, ठसके कमी लागले असते. आजार हाच राहिला असता."

"एवढंच?"

"एवढं काय कमी आहे?" मी म्हटलं. खोटं बोलून तिला बरं वाटलं असतं असं नाही.

"मी सोडू का तिकडचं? इथं राहते."

"राहून काय करणार? पेज गाळणार? ती मला येते."

"माझंसुद्धा काही नीट होत नाहीये तिथं. थर चार दिवस टिकतो न् उखडतो."

"मग पाचवा दिवस बघ. नाहीतर नको बघू. पण बापाच्या खुर्चीपाशी बसून त्याला पोरीचं तोंड बघायला लावू नको. तू खोटं बोललीस ते त्याला दिवसभर आठवत बसेल."

ती चिडली. मला म्हणाली, तू दगड आहेस. मी म्हटलं, असेन, आत जा आणि आईला दोन घास खायला लाव, तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही. ती गेली.

२३ मार्च, सोमवार. सकाळी उठून मूठभर तांदूळ भाजले, भरडले आणि पातळ पेज शिजवली. चिमूटभर मीठ, थोडं दूध. जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळली. मनगटावर थेंब टाकून बघितला, कोमट होती. पुतणीनं भाऊजींना उशांनी उंच केलं. मी नळी तपासली, सिरिंज लावली, वर धरली. पेज हळूहळू खाली उतरत गेली. भाऊजी सिरिंजकडं बघत होते, आपल्या दुकानात कुणी दुसरा मोटार उघडून बसला असावा तसे. वाटी संपली. मी पाणी सोडलं, नळीला टोपण लावलं, पुतणीला सकाळच्या गाडीला स्टँडवर सोडलं आणि परत येऊन दुपारच्या खेपेसाठी तांदूळ निवडले.